नऊशे डॉलर कशाचे

वकीलबाईंनी आकडा सांगितला, नऊशे डॉलर आणि वर कर. एल्डन वेनोने टोपी एका गुडघ्यावरून उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. मग कोटाच्या आतल्या खिशातून बायकोचं मृत्युपत्र काढून टेबलावर सरकवलं.

"हे अठरा डॉलरचं आहे," तो म्हणाला. "औषधांच्या दुकानात छापील मिळतं. आमच्या व्हर्नाने स्वयंपाकघरात बसून एका दुपारी भरलं. मला असंच हवंय. फक्त तिच्या जागी माझं नाव."

तो भांडायला आला नव्हता. बहात्तर वर्षांचा होता आणि त्यातली पन्नास वर्षं त्याने नाताळची झाडं विकण्यात घालवली होती. भाव आधी विचारावा, जास्त वाटला तर तसं तोंडावर सांगावं, एवढंच त्याला ठाऊक होतं. बॉस्टनहून येणारे व्यापारी त्याच्याशी दरवर्षी हेच करायचे.

वकीलबाईंचं नाव गेल रफ्यूज. पन्नाशीच्या होत्या. ब्रिजवॉटरला न्हाव्याच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. त्यांनी मृत्युपत्र हातात घेतलं आणि शेवटचं पान आधी उघडलं. एल्डनला ते चमत्कारिक वाटलं. माणूस पहिल्या ओळीपासून वाचतो.

"बेझिल हर्टल कोण?" त्यांनी विचारलं.

"शेजारी. चाळीस वर्षांपासूनचा. भला माणूस."

आता त्या मागच्या पानावर आल्या. "आणि इथे वरचं बारा एकर रान डॉर्कस हर्टलला दिलंय. ही कोण?"

"त्याची बायको. ते रान व्हर्नाला तिच्या बापाकडून आलेलं. डॉर्कस बारा वर्षं तिच्या बरोबरीने तिथे राबली. आमचा क्रेग अल्बर्टाला तेलाच्या खाणीवर असतो, त्याला झाडांत गोडी नाही. म्हणून वरचं डॉर्कसला, असं व्हर्नाने ठरवलं. मला विचारून ठरवलं."

वकीलबाईंनी चष्मा काढून ठेवला.

"मिस्टर वेनो, हे तुम्हाला आवडणार नाही. ज्याला काही मिळायचंय त्याने, किंवा त्याच्या नवऱ्याने-बायकोने, साक्षीदार म्हणून सही केली तर ते देणं रद्द होतं. बाकीचं मृत्युपत्र टिकतं. तेवढं कलम गळतं."

"गळतं म्हणजे?"

"म्हणजे डॉर्कसबाईंना रान मिळत नाही. खाली लिहिलंय, उरलेलं सगळं नवऱ्याला. ते तुमचं झालं."

एल्डनला ती दुपार आठवली. चुलीवर सॉसेज आणि आंबवलेला कोबी शिजत होता. व्हर्नाने बेझिलला आणि टपाल कचेरीतल्या इव्हाला जेवायलाच बोलावलं होतं. जेवण झालं, ताटं बाजूला केली, पुसल्या टेबलावर सह्या झाल्या. सहीला बोलवायचं ते विश्वासाच्या माणसाला. आणि जे विश्वासाचं, त्यालाच तर माणूस काही देणार. त्यांच्या डोंगरात सहीसाठी कुणी परक्याला घरात घेतलं नसतं.

"आणि साक्षीदार बोलावलेच नसते तर?" त्याने विचारलं.

वकीलबाईंनी चष्मा पुन्हा लावला. "सगळं स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली असती, तर आपल्या प्रांतात ते चाललं असतं."

एल्डनने मान हलवली. व्हर्नाला जाऊन आठ महिने झाले होते. आठ महिने मृत्युपत्राचं ते पाकीट पावाच्या डब्याशेजारी पडून होतं. त्याला वाटत होतं, तिची कामं तिने नेहमीसारखी वेळेत उरकून ठेवली आहेत. त्याने पाकीट पुन्हा खिशात घातलं, विचार करून येतो म्हणाला आणि जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी वरच्या रानात छाटणी चालू होती. जुलैत झाडांना आकार द्यावा लागतो. डॉर्कस लांब पात्याचा सुरा वरून खाली सपासप चालवत होती आणि बेझिल झाडांमधलं गवत कापत होता. त्या भागात झाड मुळापासून काढत नाहीत. कापताना खालच्या फांद्यांचा एक घेर राखतात, आणि त्याच बुंध्यावरून आठ-दहा वर्षांत दुसरं झाड उभं राहतं. वरच्या रानातले कितीतरी बुंधे व्हर्नाच्या बापाने पहिल्यांदा कापलेले. त्यांच्यावर आता पाचवं झाड होतं.

एल्डनने जे झालं ते सांगितलं. दोघांचेही हात थांबले.

"म्हणजे माझ्या सहीमुळे?" बेझिल म्हणाला.

"हो."

"मग मी जाऊन सांगतो, ती सही माझी नाही."

"ती सही दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही," डॉर्कस म्हणाली. "शाईत पाय बुडवून कोंबडी चालावी तसं लिहितोस तू. कोर्टात सगळे ओळखतील."

बेझिल हसला नाही. गवत कापायचं यंत्र खांद्यावर टाकून तो उताराने खाली गेला. पुढचे दोन आठवडे तो एल्डनच्या स्वयंपाकघरात आला नाही.

"सोड रे, एल्डन," डॉर्कस म्हणाली. "कागदावर नाव कुणाचं का असेना, छाटायचं तर मलाच आहे."

"तिने तुला दिलं होतं."

"दिलं होतं. मला ठाऊक आहे. झालं की." तिने पुन्हा सुरा उचलला. सुरा चालवताना ती नेहमी बोलायची, त्या दिवशी बोलली नाही.

एल्डन तसा हट्टी माणूस. त्याने औषधांच्या दुकानातून नवा छापील कागद आणला. आता त्याचे बावीस डॉलर झाले होते. या खेपेला साक्षीदार म्हणून गावच्या पाद्रीला आणि शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला बोलवायचं त्याने पक्कं केलं. व्हर्ना बसायची त्याच खुर्चीत तो बसला. स्वतःचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढे लिहिलं, 'मी डॉर्कस हर्टल हिला देतो,' आणि तिथे पेन अडलं.

काय देतो? 'वरचं रान.' त्याला, डॉर्कसला, अख्ख्या खोऱ्याला ते कळलं असतं. पण हा कागद कोण वाचणार? तो मेल्यावर कुणीतरी वाचणार, ज्याने ना त्याला पाहिलेलं असेल ना रान. कशाच्या वरचं, असं त्याने विचारलं तर सांगायला एल्डन नसणार. व्हर्नाच्या कागदावरही एवढंच होतं, 'बापाकडचं वरचं बारा एकर रान.' तो बराच वेळ त्या अर्ध्या ओळीकडे बघत बसला. आपण नसताना आपला कागद कुणीतरी हातात धरून उभं आहे, हे चित्र त्याने आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांपुढे आणलं.

सोमवारी तो पुन्हा वकीलबाईंचा जिना चढला.

"मला सरळ सांगा," तो म्हणाला. "नऊशे डॉलर कशाचे?"

वकीलबाईंना राग आला नाही. "टाइप करायला अर्धा तास लागतो," त्या म्हणाल्या. "तो त्यात धरलेलाच नाही म्हणा ना. तुम्हाला वेळ आहे?"

"आता वेळच आहे."

"मग रानाबद्दल सांगा."

"काय सांगू?"

"जे आहे ते. वर कसे जाता, काय करता, कोण कोण येतं."

त्यांनी पिवळ्या कागदांची वही पुढे ओढली. एल्डन बोलायला लागला. सुरुवातीला तुटक, मग त्याचं त्यालाच थांबता येईना. आठ महिन्यांत त्याला कुणी इतका वेळ काही विचारलं नव्हतं. लोक विचारायचे, कसा आहेस; तो म्हणायचा, चाललंय; तेवढ्यावर संपायचं. इथे ही बाई विचारत होती की झरा कुठे आहे, कुंपण कुणाचं, दगडी बांध कुणी घातला. त्याच्या बोलण्याबरोबर तिच्या वहीत एक नकाशा उमटत होता. घर, खालचं रान, ओढा, चढण, वरचं रान. ती बाई कधी तिथे आली नव्हती, पण मोठा काळा खडक तिने अगदी जागच्या जागी काढला.

"खालचं रान आणि घर क्रेगला," त्या म्हणाल्या. "वरचं डॉर्कसबाईंना. बरोबर?"

"बरोबर."

"नोव्हेंबरात झाडं कापली की खाली कशी आणता?"

"रस्त्याने."

"कुठून जातो रस्ता?"

एल्डनने बोट टेकवलं. घराच्या मागून, खालच्या रानातून, खडकाला वळसा घालून वर.

वकीलबाईंनी पेन्सिलीने ती रेघ ओढली. मग पेन्सिल खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

एल्डनने नकाशाकडे पाहिलं. रेघ सबंध क्रेगच्या जमिनीतून जात होती.

"दुसरीकडून वाट आहे?"

"नाही. मागे दलदल आहे. एका बाजूला कडा."

"म्हणजे व्हर्नाबाईंचा कागद बिनचूक असता, साक्षीदार कुणीही असते, तरी डॉर्कसबाईंना बारा एकर झाडं मिळाली असती आणि ती बाहेर काढायला वाट मिळाली नसती."

"क्रेग अडवणार नाही."

"क्रेग नाही अडवणार. क्रेगने घर विकलं तर?"

त्या रस्त्यावरून एल्डनने पन्नास वर्षं ट्रक नेला होता. व्हर्नाला लग्नाआधी पहिल्यांदा त्याच रस्त्यावर पाहिलं होतं, डोक्याला रुमाल, हातात बापाचा डबा. दर वसंतात तो खड्डे बुजवायचा. त्या रस्त्याचा प्रत्येक दगड त्याला माहीत होता, आणि तो रस्ता कुणाच्या जमिनीतून जातो हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. लग्न झाल्यापासून वर आणि खाली एकच होतं. ते दोन असू शकतं हे त्याला दिसलं नाही, व्हर्नाला दिसलं नाही, तिच्या बापाला दिसलं नाही. या बाईला दिसलं, न्हाव्याच्या दुकानावर बसून, एका पेन्सिलीने.

त्याला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. लहानपणी बंदरावर पाणबुड्या बुडी मारून कितीतरी वेळाने बोटीची हरवलेली साखळी घेऊन वर आला होता, तेव्हा तो जसा नुसता बघत राहिला होता, तसाच आता बघत राहिला.

"वहिवाटीचा हक्क लिहावा लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "रस्ता कुठून कुठे, किती रुंद, ट्रकसाठी की पायी. आता पुढचं. तुम्ही समजा ऑक्टोबरात गेलात. झाडं तयार आहेत, व्यापाऱ्याने इसार दिलाय. ते पीक कुणाचं?"

एल्डन हसला. फार दिवसांनी हसला. "तुम्ही मला महिना पण ठरवून देता?"

"मला सगळेच महिने बघावे लागतात. आणि डॉर्कसबाई तुमच्या आधी गेल्या तर? रान बेझिलला की क्रेगला?"

एकेक करून त्यांनी त्याला सगळीकडून मारलं. ऑक्टोबरात मारलं, मे महिन्यात मारलं, आजारी पाडून, भ्रमिष्ट करून, क्रेगच्या आधी, क्रेगबरोबर एकाच अपघातात. प्रत्येक वेळी तो मेल्यानंतर त्या मागे थांबून बघत होत्या, की आता दार कोण उघडेल आणि कुणाला ते बंद मिळेल. एल्डन उत्तरं देत गेला. काही उत्तरं त्याला विचार करूनही सापडली नाहीत. त्या म्हणाल्या, घरी जाऊन बघा.

मध्ये त्यांनी एक गोष्ट विचारली. "रान आत्ताच डॉर्कसबाईंच्या नावावर करून टाकायचं का? ते वेगळं काम, त्याचा वेगळा खर्च. पण मरेपर्यंत थांबायला लागणार नाही."

एल्डनने खिडकीतून बाहेर पाहिलं. "व्हर्ना सुरा डाव्या हाताने चालवायची," तो म्हणाला. "तिने छाटलेली झाडं मला ओळखू येतात. अजून तीन-चार वर्षं ओळखू येतील. मग ती विकली जातील. तोवर राहू दे माझ्याकडे."

वकीलबाईंनी ते वहीत लिहिलं नाही. पण पुन्हा विचारलंही नाही.

निघताना त्याने विचारलं, "लिहून झाल्यावर कागद कुठे राहतो?"

त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. आत माणसाएवढं लोखंडी कपाट होतं. त्यांच्या आधीच्या वकिलाचं, आणि त्याच्याही आधीच्या. त्यांनी किल्ली फिरवली. तपकिरी पाकिटं दाटीने उभी होती, शेकडो, प्रत्येकावर आडनाव. कोणती नावं आहेत ते वाचता येऊ नये म्हणून वकीलबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"यातली बरीचशी माणसं अजून हिंडतफिरत आहेत," त्या म्हणाल्या. "मी हे काम सोडलं तरी कपाट कुणाकडे तरी सोपवावं लागतं. टाकून देता येत नाही. आणि माझ्या हातून चूक झाली तर पंचवीस वर्षांनीही मला जाब विचारता येतो. त्याचाही विमा मी भरते. तेही त्या नऊशेत आहे."

एल्डनने टोपी काढलेलीच होती, नाहीतर त्याने ती तेव्हा काढली असती. सकाळी वाणसामानाच्या दुकानात ज्यांना तो रामराम करून आला, त्यांच्यातल्या कितीजणांचा शेवटचा शब्द इथे आधीच येऊन थांबला होता. चर्चमध्ये त्याला अशी शांतता फार क्वचित लाभली होती.

सप्टेंबरात मसुदा टपालाने आला. सात पानं. एल्डनने तो चहा घेत वाचायला घेतला आणि चहा तसाच राहिला. रस्ता त्यात होता, खडक होता, झरा होता. ऑक्टोबरातलं पीक होतं. 'वरचं रान' म्हणजे नेमकं काय, ते सरकारी नोंदीच्या आकड्यासकट होतं. नवल म्हणजे त्याला त्यात आपलाच आवाज ऐकू आला, जरा कोट-टाय घातलेला, पण आपलाच. हे सगळं आपल्याला म्हणायचं होतं हे वाचेपर्यंत त्याला माहीत नव्हतं.

सही करायला तो ऑक्टोबरात गेला. गुडघा दुखत होता म्हणून डॉर्कसने ट्रकमधून आणलं. जिन्याच्या तोंडाशी वकीलबाई उभ्या होत्या.

"डॉर्कसबाई, तुम्ही गाडीतच बसा. वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट कसलं," डॉर्कस म्हणाली. "आमच्या घरातल्यांना पेनापासून लांब ठेवलेलंच बरं." ती ट्रककडे परत गेली.

वर दोन साक्षीदार होते. एक वकीलबाईंच्या ऑफिसातली मुलगी आणि दुसरा खालचा न्हावी, कमरेला कात्रीचा पट्टा तसाच. दोघांचाही एल्डनशी काही संबंध नव्हता. त्यांना आत बोलावण्याआधी वकीलबाईंनी दार लोटलं.

"एक प्रश्न राहिला. कुणाच्या दबावाखाली लिहिलेलं मृत्युपत्र कोर्टात टिकत नाही, म्हणून विचारावंच लागतं. हे असं लिहा म्हणून तुम्हाला कुणी सांगितलंय? कुणी गळ घातली?"

"हो," एल्डन म्हणाला. "माझ्या बायकोने."

वकीलबाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग साक्षीदारांना आत घेतलं. प्रत्येक पानावर सह्या झाल्या. न्हाव्याने जीभ दाताखाली धरून, एखाद्याच्या कानामागचे केस कापावेत इतक्या जपून सही केली. एल्डनला हे परके हात बघून बरं वाटलं. त्यांना त्याच्याकडून काही नको होतं. व्हर्नाला हे सांगायला हवं होतं.

त्याने चेक लिहून दिला आणि खाली आला. ट्रकमध्ये बसल्यावर डॉर्कसने गाडी चालू केली नाही.

"काय लिहिलंस ते मला सांगू नकोस," ती म्हणाली.

"सांगतोच. वरचं रान तुझं. मी गेल्यावर. आणि खालून रस्त्याचा हक्क, कायमचा. घर कुणीही घेतलं तरी."

डॉर्कसने दोन्ही हात चाकावर ठेवले. "रस्त्याचा?" ती म्हणाली.

"बारा फूट रुंद. फाटकापाशी मापून आलो मी."

"फाटकापाशी," डॉर्कस म्हणाली. मग नाक पुसून: "एल्डन, तू शेवटचा ट्रेलर कधी नेलास वर?"

"गुडघ्याच्या आधी. तीन-चार वर्षं झाली."

"तो जुना, आखूड. आता लांब ट्रेलर असतो. खडकापाशी वळताना मागचं चाक बाहेर पडतं. सोळा लागतात तिथे. बारात एकतर खडक फुटेल नाहीतर मी." ती ओशाळली. "राहू दे. कोण मोजायला येतंय."

एल्डनने दार उघडलं.

"कुठे निघालास? गुडघा बघ तुझा."

तो कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गेला. वकीलबाई पाकिटावर त्याचं नाव लिहीत होत्या.

"सोळा पाहिजे," एल्डन धापा टाकत म्हणाला. "रस्ता. बारा नाही, सोळा."

"कुणी सांगितलं?"

"जी ट्रेलर चालवते तिने."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग मला ते पान नव्याने करावं लागेल. न्हाव्याला पुन्हा वर बोलवावं लागेल. आणि तुम्ही आत्ताच तिच्याशी बोलून आलात, म्हणजे मला तुम्हाला सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागेल."

"याचे वेगळे?"

"नाही. हे त्यातच."

"विचारा," एल्डन म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढून बसला.